ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या टायरमधील हवेच्या दाबावरील देखरेख : खानदेशातील ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

भुसावळजवळील दीपनगर हे औष्णिक विद्युत केंद्राचे गाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. धुळे, जळगाव, भुसावळ व मुक्ताईनगर यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ (पूर्वीचा क्रमांक ६) याच परिसरातून जातो. या मार्गावर राखेचे बल्कर, मालवाहू ट्रक आणि लांब ट्रेलर यांच्याबरोबरच कापूस, केळी, चारा, विटा व वाळू वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्याही मोठ्या संख्येने धावतात. रावेर व यावल तालुक्यांतील केळी बागेतून बाहेर पडते, ती बहुधा ट्रॉलीतूनच. अशा वाहतुकीत इंजिन व चालक पुढे असतात आणि भार मागे असतो. या मागच्या भागाच्या टायरमध्ये किती हवा आहे, हे चालकाला कसे कळावे, हा प्रश्न वरकरणी लहान वाटला तरी त्याच्याशी माणसांचे जीवित निगडित आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे शास्त्रीय व व्यावहारिक स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

चालकास दोष का जाणवत नाही?

मोटारीच्या पुढच्या चाकातील हवा कमी झाली की स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागते. मागचे चाक बसले तर गाडी डोलू लागते. हा संकेत चालकाच्या हाताला व आसनाला थेट मिळतो. ट्रॉली मात्र ट्रॅक्टरशी केवळ हुकातील एका पिनेने जोडलेली असते. त्यामुळे तिच्या चाकातील बिघाडाची सूचना पुढे पोहोचत नाही. इंजिनाच्या आवाजात टायरचा आवाज विरून जातो, आणि कापसाचा किंवा चाऱ्याचा भार ट्रॉलीच्या रुंदीबाहेर आला असल्यास आरशातही चाक दिसत नाही. अमेरिकेत निवासी मोटारीच्या मागे लहान मोटार जोडून प्रवास करणाऱ्यांसमोरही हीच अडचण असते. मागच्या मोटारीचा टायर फाटून त्याच्या चिंध्या होईपर्यंत पुढच्या चालकाला काही कळले नाही, असे तेथे घडते. वाहने वेगळी असली तरी कारण एकच आहे.

जोड-चाकांच्या बाबतीत धोका अधिक फसवा असतो. एकाच बाजूस असलेल्या दोन टायरपैकी एकाची हवा गेली तरी दुसरा संपूर्ण भार पेलतो आणि वाहन सरळच चालत राहते. अतिभारित झालेला दुसरा टायर मात्र पुढे केव्हातरी फुटतो.

दाब, भार आणि उष्णता

वाहनाचा भार मुख्यतः टायरमधील दाबयुक्त हवा पेलते. रबर व नायलॉनचे थर ती हवा धरून ठेवतात. हवा कमी असल्यास प्रत्येक फेऱ्यात टायरच्या बाजूच्या भिंती अधिक वाकतात. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, थरांमधील बंध सैल होतात आणि अखेर टायर फुटतो. म्हणजेच टायर फुटण्यामागे पुष्कळदा जास्त हवेपेक्षा कमी हवाच कारणीभूत असते. शिवाय कमी हवेच्या टायरला ओढण्यासाठी अधिक जोर लागत असल्याने डिझेलही अधिक खर्च होते.

खानदेशच्या हवामानामुळे या प्रश्नाला आणखी एक बाजू प्राप्त होते. स्थिर आकारमानात वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. उदाहरणार्थ, मे महिन्यातील दुपारी ४५ अंश सेल्सिअस तापमानात ट्रॉलीच्या टायरमध्ये ६० पौंड (दर चौरस इंचास) हवा भरली असे मानू. वातावरणाचा १४.७ पौंड दाब मिळवता निरपेक्ष दाब ७४.७ पौंड होतो. जानेवारीतील सकाळी तापमान १५ अंश असल्यास हा दाब ७४.७ × २८८ ÷ ३१८, म्हणजे सुमारे ६७.७ पौंड इतका उतरतो आणि मापकावर केवळ ५३ पौंड दिसतात. कोठेही गळती नसताना सात पौंड हवा 'कमी' झालेली असते. म्हणून उत्पादकाने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि मोजणीही वाहन निघण्यापूर्वी, सकाळीच करावी लागते. धावून तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब पाहून हवा सोडणे चुकीचे आहे. टायर निवल्यावर ती हवा अपुरी ठरते.

एक प्रचलित गैरसमजही येथे नोंदविणे आवश्यक आहे. शेतात काम करताना ट्रॅक्टरच्या मोठ्या मागच्या टायरमध्ये कमी दाब ठेवणे योग्य असते. त्यामुळे चाकाची पकड वाढते व जमीन कमी दबते. ट्रॉलीचे टायर लहान असतात व त्यांना मोठा भार पेलायचा असल्याने त्यांचा दाब कित्येक पटींनी अधिक ठेवावा लागतो. एकाच्या अंदाजाने दुसऱ्यात हवा भरणे धोक्याचे आहे. टायरवर पाना ठोकून आवाजावरून अंदाज घेण्याची पद्धतही पूर्णपणे बसलेला टायर ओळखण्यापुरतीच उपयोगी आहे. ६० आणि ४५ पौंड यांतील फरक कानाला कळत नाही.

यांत्रिक देखरेख व कायदा

टायरमधील दाब सतत मोजणाऱ्या यंत्रणा दोन प्रकारच्या आहेत. अप्रत्यक्ष यंत्रणा ब्रेक-प्रणालीतील संवेदकांच्या आधारे चाकांच्या फिरण्याच्या गतीतील फरक ओळखते; असे संवेदक नसलेल्या ट्रॉलीस ती निरुपयोगी आहे. प्रत्यक्ष यंत्रणेत प्रत्येक चाकावर संवेदक असतो आणि तो रेडिओ-लहरींद्वारे चालकासमोरील पडद्यावर दाब कळवितो. व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसणारे संवेदक ट्रॉलीस सहज लावता येतात. वाहन लांब असल्यास किंवा मध्ये लोखंडी साठा असल्यास लहरी क्षीण होतात. तेव्हा मध्ये संदेश-वर्धक बसवावा लागतो.

या यंत्रणेच्या मर्यादाही लक्षात घेणे इष्ट ठरते. टोपण-संवेदक रिमच्या बाहेर असल्याने तो टायरच्या आतील तापमान खात्रीने सांगू शकत नाही. चाकांची अदलाबदल केल्यास संवेदकाची नोंद नव्याने करावी लागते. एक ट्रॅक्टर अनेक ट्रॉल्या ओढत असल्यास संवेदकांचा संच ट्रॉलीगणिक स्वतंत्र हवा. शिवाय संवेदक इशारा देतो. हवा भरण्याचे काम माणसालाच करावे लागते.

अमेरिकेत २००० साली संमत झालेल्या कायद्यानंतर सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना अशी यंत्रणा बंधनकारक झाली. दाब २५ टक्क्यांनी घटल्यास इशारा मिळणे तीत अपेक्षित आहे. ट्रेलर मात्र त्या नियमाच्या कक्षेबाहेर राहिले. युरोपीय संघाने ३.५ टनांहून अधिक वजनाच्या ट्रेलरनाही हा नियम लागू केला : नव्या प्रकारांना जुलै २०२२ पासून आणि सर्व नव्या ट्रेलरना जुलै २०२४ पासून. भारतात जुलै २०२० मधील नियमदुरुस्तीने, ट्यूबलेस टायर, दुरुस्ती-संच आणि दाब-देखरेख यंत्रणा असलेल्या ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना सुटे चाक बाळगण्यातून सूट दिली. शेतीच्या ट्रॉलीचा विचार त्यात नाही.

जबाबदारी कोणाची?

ट्रॉलीचा मालक एक, ट्रॅक्टरचा मालक दुसरा, चालक रोजंदारीवरचा आणि माल तिसऱ्याच शेतकऱ्याचा, अशी स्थिती हंगामात सर्रास आढळते. अशा वेळी हवा तपासणे हे कोणाचेच काम राहत नाही. दोन चाकांच्या ट्रॉलीचा एक टायर बसला तर उंच रचलेला भार त्या बाजूस कलतो आणि वळणावर किंवा साइडपट्टीवर ती उलटू शकते. मालवाहू ट्रॉलीतून माणसे नेणे नियमबाह्य असूनही भारावर मजूर बसलेले दिसतात. अपघाताची सर्वांत मोठी किंमत तेच मोजतात, आणि टायर तपासण्याचा अधिकार त्यांच्याकडे कधीच नसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ओढल्या जाणाऱ्या वाहनाचा चालक आपल्या संवेदनेवर विसंबू शकत नाही. त्याला मोजमापाचाच आधार घ्यावा लागतो. महागडी यंत्रणा शक्य नसेल तेथे एक चांगला दाबमापक, सकाळची तपासणी, ट्रॉलीच्या फाळक्यावर रंगविलेला योग्य दाबाचा आकडा आणि दर थांब्यावर चाकाभोवती एक फेरी एवढी शिस्तही बराच धोका टाळू शकते. ट्रॉली भाड्याने देताना हवा तपासून देण्याची व घेताना तपासून घेण्याची प्रथा पडल्यास जबाबदारीचा प्रश्नही सुटू शकेल. कृषी व तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी हंगामापूर्वी चालकांसाठी असे प्रात्यक्षिक घेतल्यास त्याचा लाभ चालकाबरोबरच भारावर बसणाऱ्या मजुरालाही होईल.