चहाचा व्यापार व चहाचे गुणदोष

आपल्या शेतकरी बंधूंच्या घरीं पाहुणा आला म्हणजे पूर्वीं गूळपाणी पुढें येत असे. आतां चहा येतो. पहाटे वैरण टाकण्यापूर्वीं चहा, न्याहारीस चहा, दुपारीं बांधावर चहा, आणि कित्येक घरीं तर भाकरीही चहांत बुडवून खाण्याचा प्रघात पडला आहे. जी वस्तु दिवसांतून चार वेळां पोटांत जाते ती कोठें पिकते, कोणत्या वाटेनें आपल्या दुकानांत येते व शरीरांत काय करते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतों. आम्हीं तहसील कचेरींत उभी हयात चाकरी केली. त्या काळांत किती कप रिचवले याचा हिशेब कोणत्याही दप्तरांत सांपडावयाचा नाहीं. तेव्हां चहाची निंदा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. जमेची व खर्चाची अशा दोन्ही बाजू वाचकांपुढें मांडाव्या, इतकाच हेतु आहे.

पीक व तयारी.— चहाचें झाड आसामच्या रानांत मूळचेंच होतें. तेथील चहाच्या पहिल्या पेट्या १८३९ च्या जानेवारींत लंडनच्या लिलावांत विकल्या गेल्या, व १८६१ सालीं कलकत्त्यास लिलाव सुरू झाला. हा माल प्रथम परदेशासाठींच होता. पुढें १९०३ सालीं कायद्यानें निर्यात चहावर उपकर बसवून त्या पैशांतून चहाचा प्रचार करण्यांत येऊं लागला, व कालांतरानें त्याचा ओघ आपल्या गांवांकडेही वळला. आज देशांत पिकणाऱ्या चहाचा बहुतेक भाग देशांतच खपतो.

झाडाच्या शेंड्याचीं दोन पानें व एक कळी खुडतात. सुमारें साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो. पान सुकवून, चुरडून, हवेनें तांबूस होऊं देऊन मग भट्टींत वाळवितात व चाळतात. १९३० च्या सुमारास आसामांत पान चिरडून, फाडून त्याची बारीक गोळी करणारें यंत्र निघालें. या गोळीचा रंग लवकर उतरतो व ती दुधांतही दबत नाहीं. म्हणून आपल्याकडे तीच चालते. मोठें पान, तुकडा, कणी व भुकटी या प्रती चाळणीवर ठरतात. त्या दाण्याचा आकार सांगतात, चांगुलपणा सांगत नाहींत, हें गिऱ्हाइकानें ध्यानांत ठेवावें.

विक्री.— तयार माल वखारींत येतो. दलाल त्याचे नमुने खरेदीदारांकडे धाडतो, चाखणारे चव घेऊन अजमास बांधतात, व नंतर लिलाव होतो. कलकत्ता (आजचें कोलकाता), गुवाहाटी, सिलिगुडी, कोची, कुन्नूर व कोइंबतूर हीं त्याचीं केंद्रें होत. पूर्वीं हातोडा पडे. आतां बोली संगणकावर लागते. बराचसा माल खाजगी सौद्यानेंही जातो. खरेदीदार निरनिराळ्या मळ्यांचा माल मिसळून ठराविक चव साधतो, व तोच पुड्यांत भरून आपल्याकडे येतो.

यांत आपल्यासारख्यांनीं पाहण्याजोगी गोष्ट अशी कीं, देशांतील निम्म्याच्या आसपास चहा आतां पंचवीस एकरांच्या आंतील लहान बागाइतदार पिकवितात. त्यांतील बहुतेकांस स्वतःचा कारखाना नाहीं. तोडलेला ऊस जसा फडांत राखतां येत नाहीं, तसें खुडलेलें पानही राखतां येत नाहीं. तें त्याच दिवशीं कारखान्यास घालावें लागतें. त्यामुळें भाव पुढें काय निघेल हें कळण्यापूर्वींच माल हातचा जातो. ही अडचण आपणांस नवी नाहीं.

गुण.— चहांतील कॅफीन या द्रव्यानें झोप व शीण कांहीं काळ हटतो. पाणी उकळलेलें असल्यानें त्यांतील रोगजंतूही मरतात. ब्रिटनमधील सुमारें पांच लाख लोकांच्या पाहणींत, रोज दोन वा अधिक कप पिणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण किंचित कमी आढळलें, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. मात्र एवढ्यावरून चहामुळेंच आयुष्य वाढतें असें सिद्ध होत नाहीं.

दोष.— चहांतील तुरट द्रव्यें धान्य, डाळी व पालेभाज्यांतील लोह आंतड्यांत अडवून धरतात. चहा जितका अधिक उकळावा तितकीं तीं अधिक उतरतात. आणि आपली आवड तर कडक चहाची. आमच्याच घरची गोष्ट सांगतों. सूनबाईंस सदा थकवा येई. रक्त तपासलें तों हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने लोटले तरी फरक पडेना. अखेर दवाखान्यांतील परिचारिकेनें विचारलें, "ताई, गोळी कशाबरोबर घेतां?" उत्तर मिळालें, "सकाळच्या चहाबरोबर." गोळी दुपारीं लिंबूपाण्याबरोबर देऊं लागलों व जेवणाजवळचा चहा बंद केला, तेव्हां पुढच्या तपासणींत सुधारणा दिसली. सांगण्यास लाज वाटते, पण त्या गोळ्यांबरोबरचा चहा आम्हीच आग्रहानें करावयास लावीत होतों.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याचीं कारणें अनेक आहेत. परंतु न्याहारीऐवजीं चहा पिऊन खुरपणीस जाणारी बाई त्यांत आपल्या हातानें भर घालते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं जेवणाच्या आधीं व नंतर निदान एक तास चहा टाळावा, असें सांगितलें आहे.

साखरेचाही हिशेब करूं. कपास दोन चमचे धरले तर चार कपांचे आठ, म्हणजे सुमारें ४० ग्रॅम. वर्षाची माणशीं साडेचौदा किलो, व पांच माणसांच्या घरीं जवळ जवळ पाऊण क्विंटल साखर केवळ चहांत जाते!

काय करावें.— पहिलें, उपाशीपोटीं चहावर कामास जाऊं नये. आधीं भाकरी खावी, व तासाभरानें चहा घ्यावा. दुसरें, लोहाची गोळी चहाबरोबर कदापि घेऊं नये. गर्भवतीनें तर मुळींच नाहीं. तिसरें, लहान मुलांस चहा देऊं नये. चौथें, उकळी थोडी व साखर निम्मी करावी. पांचवें, सुटा चहा घेतांना चिमूटभर ओल्या टीपकागदावर पसरून पाहावा व मग कागद धुवावा. रंगाचे डाग उमटले तर भेसळ समजावी. लोखंडाचा कीस असल्यास तो लोहचुंबकास चिकटतो.

चहा सोडा, असें आमचें म्हणणें नाहीं. आम्हीही सोडलेला नाहीं. मात्र चहा हें अन्न नव्हे. त्याला भाकरीच्या जागीं बसवूं नये, एवढें जरी घरोघर पाळलें गेलें तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.