डबल रोटीची कड : आवड, नावड आणि बेकरीवाल्याचा हिशेब

ताडोबाच्या जंगलात जाण्याचे कोलारा हे गेट आमच्या चिमूर तालुक्यात येते. तिकडच्या एका रिसॉर्टने माझ्याकडून टेबलावर अंथरायचे कापड घेतले. माल पोहोचवायला गेलो तर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी बादलीभर ब्रेडच्या कडा पडलेल्या. पाहुण्यांच्या सँडविचसाठी चारही बाजू कापून टाकल्या होत्या. आचाऱ्याला विचारले तर म्हणाला, "चाचा, कड कोणी खात नाही."

परतताना चिमूरच्या बस स्टँडवर चहाला थांबलो. बाजूच्या बाकावर दोन मजूर टोस्ट चहात बुडवून खात होते. टोस्ट म्हणजे तरी काय? ब्रेडचा काप दुसऱ्यांदा भट्टीत घातला की आतला मऊ भाग संपतो आणि सगळ्या कापाचीच कड होते. म्हणजे एके ठिकाणी जी वस्तू बादलीत जाते, तीच दुसऱ्या ठिकाणी पैसे मोजून खाल्ली जाते. मग लोकांना कड आवडते की आवडत नाही?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बेकरीच्या धंद्यात आपले पुष्कळ बंधू आहेत. माझ्या ओळखीचा एक तरुण बेकरीवाला सध्या याच पेचात आहे. शहरातून येणाऱ्या पाकीटबंद ब्रेडसारखा फिक्या, मऊ कडेचा माल काढावा काय आणि त्यासाठी भट्टीची आच कमी करावी काय, असे तो विचारतो. मी कापडवाला, पण गिऱ्हाईक आणि काठ या दोन गोष्टी मला कळतात. चौकशी केली, थोडे वाचले, ते येथे मांडतो.

आधी कड होते कशी ते पाहू. कड काही वेगळ्या पिठाची नसते. भट्टीची उष्णता दोनशे अंशांच्या वर असते, तरी पावाचे पोट शंभर अंशांच्या वर जात नाही, कारण आत पाणी असते. बाहेरचा थर मात्र लवकर सुकतो, शंभरी ओलांडतो आणि तांबूस होऊ लागतो. पिठातली साखर आणि प्रथिने यांचा तेथे संयोग होतो. फ्रान्सच्या मेयार नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया प्रथम मांडली. बेकरीसमोरून जाताना जो वास माणसाला थांबवतो, तो मुख्यतः कडेचा वास. पोटाला एवढा वास नसतोच.

म्हणजे चव कडेत, आणि टाकतात कडच! याचे कारण माणसाच्या जिभेत नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. ताज्या पावाच्या पोटात शेकडा चाळीसच्या आसपास ओल असते, कड कोरडी असते. पाव पिशवीत बंद झाला की आतली ओल हळूहळू कडेत उतरते. कुरकुरीत कड चिवट होते, दाताखाली चामड्यासारखी ताणते, आणि इकडे पोट कोरडे पडत जाते. दोन-तीन दिवसांच्या पाकिटातली कड मुलाने टाकली तर त्यात मुलाचा दोष नाही. फ्रीजमध्ये ठेवूनही उपयोग होत नाही. त्या थंडाव्यात बुरशी लांबते, पण ब्रेड बाहेरपेक्षा लवकर ताठरतो.

भाजलेल्या भागाची नावड आपल्याकडे मुळात नाहीच. भाकरीचा पापुद्रा घरात कोणाला मिळावा यावर भांडणे होतात. दुधाच्या पातेल्याची खरवड खरडून खातात. तंदूरच्या नानवर डाग पडलेले नसतील तर गिऱ्हाईक कच्ची म्हणून परत करते.

मुंबईच्या बेकऱ्यांनी तर हा वाद दोन माल करून मिटवला आहे. लादी पाव पत्र्यावर एकाला एक खेटून लावतात. फुगले की ते एकमेकांना चिकटतात, त्यामुळे भट्टीची धग बाजूंना लागतच नाही. कड फक्त वर आणि खाली. वडापावला असा मऊ पाव लागतो. कडक पाव, ज्याला ब्रून म्हणतात, तो सुटा सुटा भाजतात, म्हणून त्याला सगळीकडून कड. इराण्याच्या हॉटेलात मस्का लावून चहाबरोबर तो खाणारे खास कडेसाठीच येतात. गोव्यात पाव पोर्तुगिजांबरोबर आला, शब्दही त्यांचाच. तेथे कोंड्याची पोळी, उंडो आणि बांगडीसारखे कडक कांकण असे तऱ्हेतऱ्हेचे पाव मिळतात, आणि कोणाला किती कड हवी ते गिऱ्हाईक स्वतः निवडते.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तेथे कड कापून, बाजू दाबून बंद केलेल्या सँडविचवर १९९९ मध्ये चक्क पेटंट दिले गेले. एका मोठ्या कंपनीने ते वापरले, दुसऱ्यांना नोटिसा दिल्या. पुढे त्या पेटंटची व्याप्ती वाढवून मागितली ती २००५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने नाकारली. माल मात्र खपतच राहिला. कड न खाणाऱ्या मुलांच्या आयांनी तो धंदा उभा केला, हे कबूल केले पाहिजे.

आता कापण्याचा हिशेब करू. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी काप घ्या. चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कापला तर शंभरातले एक्क्याऐंशी उरतात. आचाऱ्याचा हात थोडा सैल पडून एक सेंटिमीटर गेला तर चौसष्टच. छत्तीस टक्के माल बादलीत! थानामागे एवढी घट आली तर मी दुकानाला कुलूप लावीन. आमच्याकडे नागभीड-आरमोरीच्या टसरवर गिऱ्हाईक आधी काठ पाहते, करवती किनारीच्या लुगड्याचे दाम तर काठावरच ठरते. असो.

शाही टुकड्यासाठी कड काढावी लागते, ते ठीक आहे. पण घरातल्या बायका ती कड टाकत नाहीत. वाळवून, कुटून ठेवतात आणि कबाबला, कटलेटला लावतात. बेकरीवाल्याने हेच केले तर चुरा हा वेगळा माल होतो. उरलेल्या ब्रेडचे टोस्ट करणे हा तर जुनाच मार्ग. मात्र एक ध्यानात असू द्यावे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा साधा ब्रेड करमुक्त ठेवला, पण तोच भाजून टोस्ट केला की पाच टक्के लावले. ज्याला नोंदणी लागू आहे त्याने दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा.

तब्येतीचे काय, असे विचारणारे भेटतात. २००२ या एकाच वर्षी दोन बातम्या आल्या. जर्मनीतल्या संशोधकांना कडेत शरीराला उपकारक असे एक द्रव्य पोटापेक्षा कितीतरी जास्त आढळले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये दिसले की पिठूळ पदार्थ फार करपवले की ॲक्रिलामाइड नावाचे घातक द्रव्य तयार होते. दोन्ही एकत्र वाचली तर अर्थ सरळ आहे : कड सोनेरी असावी, काळी नसावी.

खरी अडचण पुढे आहे, ती भट्टीची. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जाण्याचा आदेश दिला. हवा खराब होते हे खरे आहे, त्यावर वाद घालू नये. पण विटांची भट्टी तापून राहते आणि चहूकडून धग देते, त्यामुळे जाड कड साधते. नव्या भट्टीत ती साधायची तर आच, वेळ आणि सुरुवातीची वाफ यांचे गणित नव्याने बसवावे लागते. वाफेने वरचा थर काही वेळ ओला राहतो, पाव पुरता फुगतो आणि मग कड पातळ व चकचकीत धरते. आज मुंबईला आलेला हुकूम उद्या जिल्ह्याच्या गावांना येणारच नाही असे समजून चालू नये. ज्याला नवी भट्टी घ्यायची आहे त्याने विकत घेण्यापूर्वी तिच्यात आपल्याच पिठाचा एक घाण काढून, कड तोडून पाहावी.

त्या तरुणाला मी सांगितले की आच कमी करू नकोस. फिका, मऊ, चार दिवस टिकणारा ब्रेड कंपनी तुझ्यापेक्षा स्वस्त काढील, पण दोन तासांपूर्वी भट्टीतून निघालेला पाव तिला चिमुरात देता येणार नाही. सकाळी एकच मोठा घाण काढण्याऐवजी दोन लहान काढ, दुसरा दुपारी चारला, चहाच्या वेळी. पाव पुरता निवल्याशिवाय बांधू नकोस, आणि त्याच दिवशी खपणारा माल कागदात दे.

त्याने पंधरा दिवस करून पाहतो म्हटले आहे. रिसॉर्टच्या आचाऱ्याकडूनही त्याने बादलीतल्या कडा रोज मागितल्या आहेत, मात्र आचारी आता त्याचे पैसे मागतो.