धाप लागण्याआधी घरी येणारा पॅरामेडिक

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात काही चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात. हृदय कमकुवत झालेले रुग्ण त्यांतले नेहमीचे. पायांवर सूज, रात्री आडवे झाले की धाप, आणि मग पहाटे कधीतरी १०८ ला फोन. ऑक्सिजन आणि शिरेतून औषध दिले की काही दिवसांत सूज उतरते. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहून दिल्या जातात आणि रुग्ण घरी जातो. दोन-तीन महिन्यांनी तोच रुग्ण, तीच तक्रार.

मधल्या काळात काय झाले, असे विचारले की उत्तरे अगदी साधी असतात. गोळ्या संपल्या आणि तालुक्याला न्यायला कोणी नव्हते. ‘पाण्याच्या गोळी’ने सारखे लघवीला जावे लागते, म्हणून लग्नाच्या दिवशी ती टाळली, नंतर ती सुटलीच. जेवणात लोणचे-पापड चालूच होते. अंगात पाणी साठून वजन वाढत होते, पण घरात वजनकाटा नव्हता.

यातली कोणतीही गोष्ट लक्षात यायला हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही. वेळेवर घरी जाऊन पाहणारा प्रशिक्षित माणूस आणि फोनवर उपलब्ध असलेला डॉक्टर एवढे पुरते. हीच कल्पना काही देशांत ‘कम्युनिटी पॅरामेडिक’ या नावाने रुजली आहे. पॅरामेडिक म्हणजे रुग्णवाहिकेवर काम करणारा, तातडीच्या उपचारांचे शिक्षण घेतलेला आरोग्यसेवक. तो रुग्णाला उचलून रुग्णालयात नेतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तो रुग्णाला रुग्णालयात यायची वेळच येऊ नये म्हणून घरी जातो.

दोन बेटांची गोष्ट

याचे बरेच सांगितले जाणारे उदाहरण कॅनडातले आहे. नोव्हा स्कोशिया प्रांतात लाँग आणि ब्रायर ही दोन छोटी बेटे आहेत. वस्ती साधारण बाराशेची, त्यात वयस्कर माणसे बरीच. ब्रायर बेटावरून मुख्य भूमीवर यायचे तर दोन ठिकाणी बोटीने पलीकडे जावे लागते. तिथे राहायला डॉक्टर मिळेना. रुग्णवाहिका आणि पॅरामेडिक मात्र चोवीस तास होते, आणि एवढ्याशा वस्तीत तातडीचे फोन थोडे असल्याने त्यांच्याकडे मोकळा वेळही होता.

सन २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या वेळाचा उपयोग करायचे ठरले. पॅरामेडिक रक्तदाब आणि साखर तपासू लागले, रक्ताचे नमुने घेऊ लागले, जखमांची मलमपट्टी, फ्लूची लस, म्हाताऱ्या माणसांच्या घरात पडण्याचा धोका कुठे आहे हे पाहणे, अशी कामे करू लागले. पुढे त्यांच्या जोडीला जादा अधिकार असलेली प्रशिक्षित परिचारिका आली आणि बेटाबाहेरचा एक डॉक्टर त्यांना मार्गदर्शन करू लागला. काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा तातडीच्या विभागात जाण्याचे प्रमाण आणि माणशी होणारा खर्च, दोन्ही घटलेले दिसले.

असे आकडे पाहताना एक शंका घ्यायलाच हवी: हा बदल त्या योजनेमुळेच झाला कशावरून? म्हणून ऑन्टारिओ प्रांतातला एक अभ्यास महत्त्वाचा. तिथे कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठी सरकारी अनुदानाच्या इमारती आहेत. काही इमारतींत दर आठवड्याला पॅरामेडिक येऊन बसू लागले आणि तशाच दुसऱ्या इमारती तुलनेसाठी निवडल्या. कुठे काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅरामेडिक येत असलेल्या इमारतींतून दर शंभर घरांमागे महिन्याला ३.११ वेळा रुग्णवाहिका बोलावली गेली. इतर इमारतींत हे प्रमाण ३.९९ होते. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे.

आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. आपल्या रुग्णवाहिकेवर पॅरामेडिकऐवजी बहुधा डॉक्टर असतो. गावात आशाताई आहेत, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. मग नवे काय हवे? आशाताईंकडे गरोदर माता, बाळे, लसीकरण आणि असंख्य सर्वेक्षणे आहेत. त्यांच्यावर आणखी एक वही लादणे हा उपाय नव्हे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा बराच वेळ उपकेंद्रातल्या रुग्णांत जातो. रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाची पुढची जबाबदारी नेमकी कोणाची, हे मात्र ठरलेले नाही. हीच रिकामी जागा आहे.

घरी जाऊन उपचार करण्याचा धडा आपल्याला परक्याकडून शिकायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत तिथल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी शिकवली. त्या घरोघर जात, बाळाचे वजन करत, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्या स्त्रिया पॅरामेडिक नव्हत्या. पण कामाची ठरलेली यादी, सतत प्रशिक्षण आणि पाठीशी डॉक्टर असेल तर घरात किती काम होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

मोठ्यांच्या आजारांसाठी हेच करायचे तर काही अटी पाळाव्या लागतील. पहिली, यादी. तालुक्यातून कोण रुग्ण घरी गेला, हे रुग्णालयाने त्याच दिवशी कळवले पाहिजे. दुसरी, लिखित मर्यादा. वजन, रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण किती झाले की डॉक्टरांना फोन करायचा आणि किती झाले की थेट रुग्णालय गाठायचे, हे कागदावर असावे. पॅरामेडिकने परस्पर निदान करून धीर देणे धोक्याचे आहे. तिसरी, फोनच्या दुसऱ्या टोकाला ठरलेला डॉक्टर, ‘कोणीतरी’ नव्हे. चौथी, घरभेटीसाठी निराळे वाहन. मोटरसायकलही चालेल, पण अपघाताची रुग्णवाहिका त्यात अडकता कामा नये. आणि पाचवी, नियमित पगार व कायदेशीर ओळख. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पॅरामेडिकला व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली आहे. पाया आहे, त्यावर पदे निर्माण व्हायला हवीत.

एका जिल्ह्यात, हृदयविकार, दमा आणि मधुमेही पायाच्या जखमा एवढ्या तीनच आजारांपासून सुरुवात करता येईल. वर्षभराने मोजायचे ते एवढेच: किती रुग्ण तीस दिवसांत परत भरती झाले आणि किती दगावले.

ही व्यवस्था येईपर्यंत घरच्यांनी तिचे थोडे काम करावे. हृदयाच्या रुग्णाचे रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि चहापूर्वी वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढले, पायावर सूज दिसली किंवा रात्री एक उशी जास्त लागू लागली, तर धाप लागायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि पाण्याची गोळी त्रासदायक वाटली तर ती बंद करू नका. तिची वेळ बदलता येते का, हे विचारा.