आटणाऱ्या पाण्यातली टाचणी

पावसाळ्यात डबक्याकाठी उडणारे चतुर आपण सर्वांनीच पाहिलेले असतात. त्यांच्याच गोतातली, पण सुईसारखी बारीक, ती टाचणी. चतुर पंख आडवे पसरून बसतो, टाचणी बहुधा पाठीवर मिटून घेते. आज मी जिच्याविषयी सांगणार आहे, ती मात्र पंख अर्धवट उघडे ठेवून बसते.

तिचं शास्त्रीय नाव लेस्टिस ड्रायस. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेत ती आढळते. ब्रिटनमध्ये मात्र दुर्मिळ. १९७०च्या दशकात ती तिथे दिसेनाशी झाली आणि नामशेष समजली गेली. १९८३ साली लंडनच्या पूर्वेला, एसेक्समधल्या पाणथळीत ती पुन्हा सापडली.

माझा भाचा त्याच भागात राहतो. एका जुलैमध्ये त्याच्याकडे गेलो असताना मी चराशी वाकून बसलो, तेव्हा तो हसून म्हणाला, "मामू, या गटारात काय शोधताय?"

ओळखायची कशी? अंग पाचूसारखं हिरवं, त्यावर धातूची झळाळी. नराचे डोळे निळे आणि पोटाच्या दोन्ही टोकांना निळसर भुकटी फासल्यासारखी. तिथे सर्रास आढळणारी दुसरी एक टाचणी अगदी अशीच दिसते. पण तिच्या नरात ही भुकटी पोटाचा दुसरा खंड पूर्ण झाकते. दुर्मिळ टाचणीच्या नरात त्या खंडाचा मागचा भाग हिरवाच राहतो. मादी अंगाने जाडसर असते.

तिला आवडतात ते लव्हाळ्यांनी भरलेले, उन्हाळ्यात आटणारे उथळ चर. मादी देठांत अंडी घालते, ती हिवाळाभर तशीच राहतात. वसंतात पिल्लं बाहेर पडतात आणि पाणी आटायच्या आत भराभर वाढतात. अशा पाण्यात मासे टिकत नाहीत, म्हणून पिल्लं वाचतात. चराचं पाणी काढून टाकलं तर ती मरतात. चर खोल करून बारमाही पाणी ठेवलं तर मासे येतात. म्हणजे आटणारं पाणी आटू द्यायचं, पण आपल्या वेळेला.

आमच्या मोहल्ल्यामागेही असंच एक डबकं होतं. डास होतात म्हणून ते बुजवण्यासाठी अर्ज झाला, त्यावर माझीही सही होती. "उन्हाळ्यात कोरडंच तर असतं," असं मीच म्हणालो होतो. टाचण्यांची पिल्लं पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.