छेदात शून्य
(मतांचा हिशेब : लेखांक ७)

मागच्या आठवड्यात मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाचा १९५१चा नियम पाहिला. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून, अशी पद्धत असली की लढत बहुधा दोघांतच उरते. तिसऱ्याला दिलेलं मत फुकट जाईल या धास्तीने लोकच त्याला सोडतात. हे आपल्याकडे कुठे दिसतं, ते बघायला सुरत-भुसावळ गाडीने दोंडाईच्याला उतरू.

दोंडाईचा शिंदखेडा विधानसभेत, शिंदखेडा धुळे लोकसभेत. २००८च्या पुनर्रचनेने शिवलेली ही गोधडीच. इकडे तापीकाठची शेती, तिकडे मालेगावचे यंत्रमाग. २००९ला भाजपचे प्रताप सोनवणे काँग्रेसच्या अमरीशभाई पटेलांच्या पुढे राहिले ते सुमारे १९ हजारांनी, आणि मालेगावचे निहाल अहमद तिसरे, ७२ हजारांवर मतं घेऊन. त्यातली तिसरा हिस्सा मतं जरी पटेलांकडे वळली असती, तरी निकाल फिरला असता. २० मे २०२४ला मात्र दखल घ्यावी असा तिसरा उरलाच नाही. सहापैकी पाच विधानसभांत भाजपचे डॉ. सुभाष भामरे पुढे, शिंदखेडाही त्यांतच. पण एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना सुमारे एक लाख ९४ हजारांची आघाडी दिली. शेवटचा फरक ३,८३१, बच्छाव यांच्या बाजूने.

लढतीत खरोखर किती जण होते, हे मोजायचं एक सूत्र लाक्सो आणि तागेपेरा यांनी १९७९मध्ये दिलं. प्रत्येकाच्या मतांच्या हिश्शाचा वर्ग करा, बेरीज घ्या, एकाला तिने भागा. दोघे निम्मे-निम्मे असतील तर चतकोर अधिक चतकोर, म्हणजे अर्धा, उत्तर दोन. धुळ्याचं २०२४चं उत्तर दोनाच्या जरा वर येतं. द्युव्हर्जे खूश झाले असते.

आता दीड वर्ष पुढे या. डिसेंबर २०२५ची नगरपरिषद निवडणूक. दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषदेत भाजपचे २६च्या २६ नगरसेवक बिनविरोध आणि नगराध्यक्षपदी नयनकुंवर रावळ, त्याही बिनविरोध. त्या शिंदखेड्याचे आमदार आणि राज्याचे पणनमंत्री जयकुमार रावळ यांच्या मातोश्री. हेच सूत्र जागांना लावलं तर उत्तर एक. मतांना लावायला गेलो तर अडतो, कारण वर्ग करायला मतच नाही. छेदात शून्य.

दोंडाईच्याच्या मिरचीच्या बाजारात वाढलेल्यांना हे समजवावं लागत नाही. ढिगापाशी एकच खरेदीदार उभा असेल तर माल विकला जातो, पावतीही फाटते. पण भाव काय होता ते कोणी सांगू शकत नाही. बिनविरोधला आपल्याकडे ‘गावाची एकी’ म्हणतात. असेलही. पण ती एकी किती जणांची, हे मतपेटीखेरीज कशातून कळावं?

याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सुरतेत, २२ एप्रिल २०२४ला भाजपचे मुकेश दलाल मतदानाआधीच खासदार झाले. म्हणजे हा नुसता छोट्या गावचा प्रकार नव्हे.

राहता राहिला ‘नोटा’. राज्य निवडणूक आयोगाने २०१८मध्ये स्थानिक निवडणुकांपुरता त्याला काल्पनिक उमेदवार ठरवलं. नोटा पहिला आला तर निवडणूक पुन्हा. मात्र उमेदवार एकच उरला की हा काल्पनिक उमेदवारही बाद होतो, कारण त्याचं बटण मतदानयंत्रावर, आणि यंत्र दोंडाईच्याला लागलंच नाही.

पुढच्या आठवड्यात जामनेर.