कुतूहल : एका कुपीमागचे अनेक हात

लसीच्या कुपीवर नाव एकाच कंपनीचं दिसतं. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या ‘अ’ प्रकारच्या जिवाणूवरची ‘मेनआफ्रिव्हॅक’ मात्र एकट्या कुणाची नाही.

या जिवाणूच्या कवचातली साखर तान्ह्या मुलांची प्रतिकारशक्ती नीट ओळखत नाही. प्रथिनाला जोडली, की नामचीन चोरासोबत दिसलेल्या साथीदारासारखी ती पक्की लक्षात राहते. साखर नेदरलँड्सहून आली, धनुर्वाताचं प्रथिन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं आणि जोडणीचं तंत्र अमेरिकी औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेचं. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी ही मोट बांधली. मला सर्वांत मोलाची वाटते ती, ही लस ज्यांच्यासाठी होती त्या आफ्रिकी देशांची अट : एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत हवी. भागीदार शोधले गेले ते त्या किमतीनुसार.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं. पुढं ‘अ’ प्रकाराच्या साथी जवळपास थांबल्या.