चंद्रपूर-गडचिरोलीत फलक टिकेल कशावर?

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो, तर पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर गाठतो. अशा हवेत फ्लेक्स लवकर विटतो, फाटतो. साध्या प्लायवूडचे पापुद्रे सुटतात आणि उरलेल्यावर वाळवी ताव मारते.

लाकूडच हवे, तर ‘आयएस ७१०’ शिक्क्याचे मरीन प्लाय घ्यावे आणि कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्यात.

मोठ्या फलकाला एसीपी सोयीचे. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असल्याने ते हलके आणि सपाट राहते, वाळवीही लागत नाही. मात्र तापमान ४० अंशांनी वाढले, की ८ फुटी पत्रा सुमारे २ मिलिमीटर लांबतो. म्हणून स्क्रूचे भोक थोडे सैल ठेवावे आणि मागे जीआय पाइपची चौकट द्यावी.